डॉ. कॅलिगारी : भयाचें मूळ कोठें आहे?

भय ही भावना सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिच्या उगमाचा शोध घेऊं लागलें म्हणजे ती फार निरनिराळ्या ठिकाणीं सांपडते. भरताच्या नाट्यशास्त्रांत भयानक रसाचीं जीं कारणें सांगितलीं आहेत, त्यांत विकृत ध्वनि, पिशाचादिकांचें दर्शन, अरण्य व ओसाड घर हीं तर आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला गुरूचा किंवा राजाचा अपराध हाहि बसविलेला आहे. ओसाड घराचें भय आणि अधिकारी पुरुषाचें भय यांना एकाच रसांत जागा मिळावी, हें प्रथमदर्शनीं थोडें चमत्कारिक वाटतें. भूत आणि राजा यांच्यांत साम्य तें कोणतें? परंतु जर्मनींत १९२० सालीं निघालेला एक मूकपट ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिला असेल, त्यांना ही जोडी विजोड वाटणार नाहीं. ‘डॉक्टर कॅलिगारीचें कॅबिनेट’ हें त्याचें नांव. कॅबिनेट म्हणजे येथें जत्रेंतील खेळवाल्याचें दालन. मानसिक भयाच्या चित्रपटांचा इतिहास सांगतांना बहुतेक सर्व लेखक ज्या थोड्या कृतींपासून आरंभ करतात, त्यांत ही अग्रगण्य आहे. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, बोलपट आले, रंग आले, रक्त आणि किंकाळ्या यांचा पडद्यावर सुकाळ झाला; तरी या मुक्या, चित्रविचित्र पटाची भीति ओसरली नाहीं. ती कां ओसरली नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम काळ लक्षांत घेतला पाहिजे. हा चित्रपट २६ फेब्रुवारी १९२० रोजीं बर्लिन येथील मार्मोरहाउस चित्रगृहांत प्रथम दाखविण्यांत आला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने, लेखक हान्स यानोविट्स व कार्ल मायर, आणि निर्मिति डेक्ला या कंपनीची. तिचे सूत्रधार एरिख पोमर हे होते. महायुद्ध संपून पुरतें दीड वर्षहि झालें नव्हतें. नोव्हेंबर १९१८ मध्यें कैसरचें राज्य कोसळलें होतें, आणि १९१९ च्या जानेवारींत बर्लिनच्या रस्त्यांवर जर्मनांनींच जर्मनांवर गोळ्या झाडल्या होत्या. ज्यांच्या शब्दावर विसंबून तरुण पिढी रणांगणावर गेली, त्यांच्या शहाणपणाविषयीं घरोघर संशय उत्पन्न झाला होता. दोघा लेखकांना हा संशय पुस्तकांतून मिळालेला नव्हता. यानोविट्स हे सैन्यांत अधिकारी होते आणि युद्धाचा तिटकारा घेऊन परतले होते. मायर यांना युद्धकाळांत आपण वेडे नाहीं किंवा आहों याविषयीं लष्करी मानसवैद्यापुढें वारंवार परीक्षा द्यावी लागली होती. अशा दोन माणसांनीं एकत्र बसून रचलेली ही कथा आहे.

कथा थोडक्यांत अशी. एका बागेंत बांकावर दोन पुरुष बसले आहेत. त्यांपैकीं फ्रान्सिस नांवाचा तरुण दुसऱ्याला आपल्या आयुष्यांतील एक हकीकत सांगूं लागतो. होल्स्टेनवाल नांवाच्या लहानशा गांवांत जत्रा भरते आणि तींत डॉ. कॅलिगारी नांवाचा एक म्हातारा खेळवाला येतो. खेळाचा परवाना मागण्यास तो कचेरींत जातो, तेव्हां उंच स्टुलावर बसलेला तेथील अंमलदार त्याला उर्मटपणें वागवितो. रात्र उलटते, आणि तो अंमलदार मारला गेलेला आढळतो. कॅलिगारीचा खेळ असा कीं, पेटींत झोपलेला चेझारे नांवाचा तरुण, जो तेवीस वर्षें अखंड झोपेंत आहे असें सांगण्यांत येतें, तो धन्याच्या आज्ञेनें जागा होऊन विचारणाराचें भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा मित्र ॲलन थट्टेच्या भरांत त्याला विचारतो कीं, मी किती दिवस जगेन? उत्तर येतें, उजाडेपर्यंत. आणि उजाडण्यापूर्वीं ॲलनचा खून होतो. पुढें चेझारे हा फ्रान्सिसच्या प्रिय जेनला मारावयास जातो. परंतु सुरी उगारलेला हात खालीं येतो आणि तो तिला उचलून छपरांवरून पळत सुटतो. पाठलाग होतो, तो तिला टाकून देतो व शेवटीं कोसळून मरतो. कॅलिगारी पळून वेड्यांच्या इस्पितळांत शिरतो. फ्रान्सिस तेथें जाऊन, या नांवाचा कोणी रोगी आहे काय, अशी चौकशी करतो. त्याला मुख्य वैद्यांकडे नेण्यांत येतें. आणि खुर्चींत बसलेला तो मुख्य वैद्य म्हणजेच कॅलिगारी!

या कथेंत भय कसें उत्पन्न होतें तें आतां पाहूं. ॲलनचा खून अकस्मात् झाला असता, तर प्रेक्षक दचकला असता. पण दचकणें हें क्षणाचें असतें, तें ओसरलें कीं मन पूर्ववत् होतें. येथें मृत्यूची वेळ आधींच सांगून ठेविली आहे. ती सांगितल्यावर जत्रा चालूच असते, मित्र घरीं परततात, एकमेकांचा निरोप घेतात; यांत भयंकर असें कांहींच नाहीं. तथापि त्या क्षणापासून प्रत्येक साधी गोष्ट आपण निराळ्या नजरेनें पाहूं लागतों. पुढें खून होतो तेव्हां मारेकरी दिसतच नाहीं. बिछान्यांत उठून बसलेला ॲलन आणि भिंतीवरच्या सांवल्या एवढेंच दिसतें. दिग्दर्शकानें चेहरा लपविला आणि तो भरून काढण्याचें काम आमच्या कल्पनेवर सोंपविलें. भयाच्या बाबतींत कल्पना ही मोठी उदार असते. ती नेहमीं मागितल्यापेक्षां अधिक देते.

याहूनहि सूक्ष्म असा एक प्रसंग पुढें आहे, आणि आमच्या मतें सबंध चित्रपटांतील तो सर्वांत क्रूर आहे. फ्रान्सिसला चेझारेचा संशय आलेला असतो, म्हणून तो रात्रभर कॅलिगारीच्या खिडकीशीं पहारा करतो. पेटी दिसते, पेटींत झोपलेला देह दिसतो. त्याचें मन निश्चिंत होतें. त्याच वेळीं जेनच्या घरांत चेझारे शिरलेला असतो. पेटींत होता तो बाहुला! जेन शुद्धीवर येऊन चेझारेचें नांव घेते, तेव्हां फ्रान्सिस ठामपणें सांगतो कीं, तें शक्य नाहीं, मीं स्वतः त्याला झोपलेला पाहिला आहे. एका प्रामाणिक साक्षीदाराची खरी साक्ष, आणि ती संपूर्णपणें खोटी! आंधळेपणानें फसणें हें दुर्दैव आहे; पण डोळ्यांत तेल घालून जागरण केलें असतां, त्या जागरणामुळेंच फसणें, यांत मनुष्याच्या पायाखालची जमीन सरकते. येथून पुढें प्रेक्षकालाहि आपल्या डोळ्यांचा पुरता भरंवसा उरत नाहीं.

आणि डोळ्यांचा भरंवसा उरूं नये, याची तजवीज नेपथ्यकारांनीं पहिल्यापासूनच करून ठेविली आहे. हेर्मान वार्म, वाल्टर राइमान व वाल्टर र्‍योरिग या तिघांनीं उभारलेल्या त्या गांवांत एकहि भिंत काटकोनांत नाहीं. घरें एकमेकांवर रेललेलीं, खिडक्या तिरप्या, धुराडीं वांकडीं, रस्ते सुळक्याप्रमाणें निमुळते. विशेष हें कीं, उजेडाचे पट्टे आणि सांवल्या जमिनीवर व भिंतींवर रंगानेंच रंगविलेल्या आहेत. कित्येक टीकाकारांना यांत केवळ नव्या चित्रकलेची नक्कल दिसली. परंतु या रंगविलेल्या उजेडाचा मनावर होणारा परिणाम पाहिला पाहिजे. खरा उजेड सूर्याबरोबर सरकतो. रंगविलेला उजेड सरकत नाहीं. ज्या गांवांत ‘उजाडेपर्यंत’ हा शब्द मृत्यूची मुदत म्हणून उच्चारला जातो, त्या गांवांत खऱ्या अर्थानें कधीं उजाडतच नाहीं. रात्र संपली म्हणजे भय संपतें ही मनुष्याची अगदीं बाळपणापासूनची समजूत आहे. तिलाच येथें हात घातलेला आहे.

नटांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कॅलिगारीचें काम वेर्नर क्राउस यांनीं व चेझारेचें कोनराड फाइट यांनीं केलें. पेटी उघडते, पडद्यावर चेझारेचा चेहरा मोठा होत येतो, आणि त्याचे डोळे हळूहळू, जणूं फार खोलांतून वर येत असल्याप्रमाणें उघडतात. तें दृश्य पाहतांना भयाबरोबर कणवहि उत्पन्न होते. हा मारेकरी आहे. पण मारण्याची इच्छा त्याची नाहीं. हुकूम एकाचा आणि हात दुसऱ्याचा. चार वर्षें जीं लक्षावधि माणसें हुकुमानुसार चाललीं, हुकुमानुसार मारलीं गेलीं, त्यांच्या आप्तांनीं हा झोपेंत चालणारा तरुण पाहिला असेल, तेव्हां त्यांना काय वाटलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

येथवर आलों म्हणजे भरताच्या यादींतील त्या विजोड जोडीचा उलगडा होतो. होल्स्टेनवालमध्यें भूत नाहीं. भय ज्याच्यापासून उत्पन्न होतें, तो पुरुष विद्वान् आहे, त्याच्या हातीं अधिकार आहे, आणि दुखावलेल्या मनाला बरें करणें हेंच त्याचें काम आहे. भुतापासून पळून मनुष्य वैद्याकडे, न्यायाधीशाकडे, वडिलांकडे जाऊं शकतो. परंतु आश्रयाचें ठिकाण आणि संकटाचें ठिकाण एकच निघालें, तर पळावयाचें कोणीकडे?

परंतु चित्रपट एवढ्यावर संपत नाहीं. फ्रान्सिसच्या सांगण्याप्रमाणें इस्पितळांतील इतर वैद्यांच्या साहाय्यानें कॅलिगारीची रोजनिशी सांपडते, त्याचें बिंग फुटतें आणि त्यालाच हात जखडणारा अंगरखा घालून कोठडींत टाकतात. मग आपण परत बागेंतील बांकाशीं येतों. आणि दिसतें तें असें कीं, फ्रान्सिस स्वतःच त्या इस्पितळांतील रोगी आहे. जेन तेथेंच आहे; ती स्वतःला राणी समजते. चेझारेहि तेथेंच, जिवंत, हातांत फूल घेऊन उभा आहे. मुख्य वैद्य येतांच फ्रान्सिस त्याच्या अंगावर धांवतो. त्याला धरून तोच अंगरखा घालतात व त्याच कोठडींत नेतात. मुख्य वैद्य म्हणतो कीं, हा मला कॅलिगारी समजतो. आतां याचा रोग मला कळला, आणि उपायहि कळला. शेवटचें चित्र त्याच्याच चेहऱ्याचें.

या शेवटावर इतिहासकारांत मोठा वाद झाला आहे, आणि तो वाद कथेइतकाच मनोरंजक आहे. जर्मनी सोडून अमेरिकेंत गेलेले समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअर यांनीं १९४७ सालीं ‘कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत यानोविट्स यांच्या एका हस्तलिखित आठवणीचा आधार घेऊन त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मूळ कथा अधिकाराच्या जुलमाविरुद्ध बंड करणारी होती. बागेची व इस्पितळाची ही चौकट लेखकांच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर लादण्यांत आली. आणि त्यामुळें बंडखोर हा वेडा व अधिकारी हा परोपकारी ठरून कथेचा अर्थच उलटा झाला. जो समाज आपल्या बंडखोराला असा वेडा ठरवितो, तो पुढें हुकूमशहाच्या पायाशीं गेला यांत नवल काय, असा त्यांचा रोख होता. कित्येक वर्षें हें मत जवळजवळ प्रमाणभूत मानलें गेलें.

पुढें एक कागद उजेडांत आला. क्राउस यांनीं आपल्याजवळची कथालेखाची प्रत जन्मभर जपून ठेविली होती. १९५९ सालीं ते वारले. नंतर ती प्रत बर्लिनच्या चित्रपट-संग्रहालयानें मिळविली, आणि १९९५ सालीं तिचा पाठ छापून प्रसिद्ध झाला. त्या प्रतींत चौकट आहे. परंतु ती निराळी. फ्रान्सिस आणि जेन हीं पतिपत्नी सुखानें नांदत आहेत, आणि घरीं आलेल्या पाहुण्यांना फ्रान्सिस वीस वर्षांपूर्वींची ही हकीकत सांगतो. म्हणजे चौकट मुळांत नव्हतीच हें म्हणणें टिकत नाहीं. पण फ्रान्सिसला वेडा ठरविणारा शेवट मागाहूनचा, एवढें म्हणणें टिकतें. हा शेवट कोणाच्या डोक्यांतून निघाला, यावरहि एकमत नाहीं. दिग्दर्शनासाठीं प्रथम ज्यांचें नांव पुढें आलें होतें, त्या फ्रिट्स लांग यांनीं त्याच्या श्रेयावर पुढें हक्क सांगितला. इतरांनीं इतर हकीकती सांगितल्या. बांकावर बसून फ्रान्सिसची गोष्ट ऐकणाऱ्या त्या दुसऱ्या मनुष्याची जी अवस्था, तीच येथें इतिहासकाराची होते. सांगणारे सर्व प्रत्यक्षदर्शी, सर्व खात्रीचे, आणि हकीकती मात्र जुळत नाहींत. अशा वेळीं कागद हातीं येईपर्यंत निर्णय राखून ठेवणें, हाच इतिहासाचा धर्म होय. क्राकाउअर यांच्यासारख्या समर्थ लेखकानेंहि एकाच साक्षीवर फार मोठी इमारत उभारली, हें सांगितलें पाहिजे. एका राष्ट्राचें भवितव्य एका चित्रपटांत आधींच लिहिलेलें होतें असें म्हणणें, हें घटना घडून गेल्यावर सोपें असतें.

आतां त्या शेवटाच्या परिणामाविषयीं आमचें मत. या शेवटानें कथेची धार बोथट झाली असें क्राकाउअर म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. शेवट जर समाधान देणारा असता, तर बागेंत आणि इस्पितळांत परतल्यावर भिंती सरळ झाल्या असत्या. वांकडें जग हें वेड्याच्या डोळ्यांतलें होतें, आतां आपण शहाण्यांच्या जगांत आलों, असें डोळ्यांनीं सांगितलें असतें. परंतु इस्पितळाचें तें आवार, जमिनीवरच्या त्या पसरलेल्या रेषा, ती कोठडी, हीं सर्व शेवटींहि जशींच्या तशीं वांकडीं राहतात. मग हें कोणाच्या डोळ्यांनीं दिसणारें जग? फ्रान्सिस वेडा असेल, तर आम्हीं घटकाभर एका वेड्याच्या शब्दावर विश्वास ठेविला आणि आम्हांस तें कळलें नाहीं. तो शहाणा असेल, तर एक शहाणा मनुष्य आमच्या डोळ्यांदेखत कॅलिगारीच्या स्वाधीन करण्यांत आला आणि आम्ही स्वस्थ बसून राहिलों. दोहोंपैकीं कोणताहि पक्ष घेतला तरी सुटका नाहीं. उपाय सांपडला, हें वैद्याचें शेवटचें वाक्य आश्वासनहि असूं शकेल आणि धमकीहि असूं शकेल. त्या चेहऱ्याकडे पाहून तें ठरवितां येत नाहीं. या न ठरविण्यांतच चित्रपटाचें खरें भय आहे. खून, सुरी, सांवली हीं सर्व त्याच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या आहेत.

हें भय लोकांना सोसवत नाहीं, याचा पुरावा लवकरच मिळाला. एप्रिल १९२१ मध्यें न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल चित्रगृहांत हा पट दाखविला, तेव्हां चालकांनीं त्याच्या मागेंपुढें रंगभूमीवर दोन लहानसे प्रवेश जोडले आणि फ्रान्सिस बरा होऊन आतां संसारांत सुखी आहे असें प्रेक्षकांस सांगून टाकलें. म्हणजे बर्लिनच्या चौकटीला न्यूयॉर्कनें आणखी एक चौकट बसविली. घरीं जाऊन झोप लागावी एवढ्यासाठीं केलेली ही व्यवस्था होती. तिच्यावरून मूळ शेवट किती बोचरा असला पाहिजे, हें दिसून येतें.

आपल्याकडील एका गोष्टीचें येथें स्मरण होतें. व्ही. शांताराम हे ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठीं १९३३ सालीं जर्मनीस गेले होते. तेथून परतल्यावर पुण्यास ‘प्रभात’नें १९३४ सालीं ‘अमृतमंथन’ काढला. बलिदानाची चाल बंद करणाऱ्या राजाचा दुसऱ्याच्या हातून घात करविणारा राजगुरु त्यांत आहे. आणि हिंदी आवृत्तींत पडदा व्यापून टाकणारा चंद्रमोहन यांचा डोळा ज्यांनीं पाहिला, ते तो विसरले नाहींत. जर्मन चित्रपटांतील छायाप्रकाशाचा संस्कार त्या चित्रांत अभ्यासकांना दिसला आहे. अमुक चित्रावरून अमुक चित्र घेतलें, असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्याला नमस्कार करावयाचा त्याच्याच डोळ्यांत भय सांठविणें, ही कल्पना बर्लिनइतकीच पुण्याच्या प्रेक्षकालाहि परकी वाटली नाहीं, एवढें खास.

चित्रपट संपला, परंतु त्यांतील माणसांच्या आयुष्यांनीं त्याला आणखी एक पुरवणी जोडली. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले. पोमर देश सोडून गेले. वीनेहि गेले व १९३८ सालीं पॅरिस येथें वारले. मायर यांचा १९४४ सालीं लंडनमध्यें अंत झाला. फाइट यांची पत्नी ज्यू होती. त्यांनीं तिच्यासह इंग्लंडचा रस्ता धरला. पुढें अमेरिकेंत, ‘कॅसाब्लँका’ या १९४२ सालच्या चित्रपटांत, त्यांनीं नाझी अधिकाऱ्याचें काम केलें आणि १९४३ सालीं तेथेंच ते वारले. क्राउस मात्र जर्मनींतच राहिले, राज्यकर्त्यांकडून मानसन्मान पावले, आणि ज्यूंविरुद्ध द्वेष पसरविण्यासाठीं १९४० सालीं काढलेल्या ‘यूड स्यूस’ या चित्रपटांत त्यांनीं अनेक ज्यू पात्रांचीं कामें केलीं. पडद्यावर ज्यानें झोपेंत हुकूम पाळला, तो नट जागा होऊन निघून गेला. आणि ज्यानें हुकूम सोडले, त्यानें प्रत्यक्षांत दुसऱ्याचे हुकूम मानले. यांत दैवाचा कांहीं संकेत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भूमिका ही भूमिका असते. परंतु जेव्हां खरोखरीच सबंध देशाच्या भिंती वांकड्या झाल्या, तेव्हां त्या वांकड्या आहेत हें प्रत्येकाला आपापल्या डोळ्यांनींच ठरवावें लागलें, आणि तें चित्रगृहांतल्यापेक्षां फार कठीण होतें.

२०१४ सालीं या चित्रपटाची मूळ नेगेटिव्हवरून स्वच्छ केलेली प्रत बर्लिनच्या चित्रपट-महोत्सवांत दाखविण्यांत आली. रंगविलेल्या पडद्यांवरील कुंचल्याचे फराटेहि तींत स्पष्ट दिसतात. सर्व कांहीं कागद आणि कापड आहे, हें आतां पूर्वींपेक्षां अधिक उघड झालें आहे. तरी भय कमी होत नाहीं. कारण त्या भयाचें घर पडद्यावर कधींच नव्हतें. आजारीपणांत ज्या वैद्याच्या हातीं आपण नाडी देतों, लहानपणीं ज्या गुरूच्या शब्दावर मान डोलवितों, संकटांत ज्या अधिकाऱ्याच्या दारीं जातों, त्यांच्यावर विश्वास ठेविल्यावांचून मनुष्याचा एक दिवसहि चालत नाहीं. आणि तो विश्वास योग्य ठिकाणीं आहे कीं नाहीं, हें तपासण्यास आपल्यापाशीं आपल्या डोळ्यांहून अधिक चांगलें साधन नाहीं. फ्रान्सिसचेहि डोळे उघडेच होते. म्हणूनच दिवे लागल्यावर घरीं परतणारा प्रेक्षक अंधाराला भीत नाहीं. तो बरोबर चालणाऱ्या सज्जन माणसाच्या चेहऱ्याकडे एकदां नीट निरखून पाहतो, आणि मग बोलूं लागतो.